नीलमच्या काचेवरची नोटीस

१८ नोव्हेंबर १९७१, गुरुवार

ही डायरी सरकारी आहे. हिच्यात खाजगी मजकूर लिहू नये हे मला कळतं, सव्वीस वर्षं नोकरी झाली आहे. पण साल संपत आलं, पानं कोरीच पडून आहेत, आणि बायको, शरयू, काल म्हणाली, "रोज संध्याकाळी माझं डोकं खाऊन राहिले तुम्ही. त्यापेक्षा लिहा कुठंतरी." म्हणून लिहितो. वापरलेल्या प्रत्येक पानामागे सरकारला एक पान देणं लागतो म्हणायचं.

आज मला आमच्या गल्लीचा वॉर्डन नेमलं. लढाई होणार असं सगळेच म्हणतात, आणि तिकडे खमरियात दारूगोळ्याचा कारखाना असल्यावर जबलपूर काही सुटणार नाही. एक पत्र्याचं शिरस्त्राण, एक शिटी, निळा कागद लावलेली बॅटरी. राइट टाउनच्या या टोकाची एकतीस घरं माझ्याकडे. एकाही खिडकीतून उजेड बाहेर दिसला तर जबाबदार मी.

चौकी कुठं करायची हा प्रश्न होता, तो श्यामसुंदरजींनी सोडवला. कोपऱ्यावरचं नीलम रेस्टॉरंट त्यांचं. पुढची टेबल-खुर्ची दिली, आणि मुख्य म्हणजे टेलिफोन. गल्लीत दुसरा टेलिफोन नाही. म्हणाले, "वार्डन साहब, आज से यह कुर्सी आपकी." कचेरीत मी डबीरबाबू. सव्वीस वर्षांत साहब कुणी म्हटलं नव्हतं. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र टोचते. नीलमनं दारूच्या परवान्यासाठी अर्ज केला आहे आणि तो आमच्याच आबकारी शाखेत आहे, माझ्या टेबलावर. सोमवारी १५ तारखेला आमच्या बापू शिपायानं नीलमच्या पुढच्या काचेवर नोटीस चिकटवली: तीस दिवसांत ज्या कुणाची हरकत असेल त्यानं लेखी कळवावं. मग त्याच माणसाच्या खुर्चीवर मी बसावं का? शरयूनंही विचारलं. म्हटलं, वॉर्डनचं काम देशाचं आहे, कचेरीचं कचेरीत. सकाळी साडेदहा ते साडेअकरा आवक खिडकीवर मीच बसतो. तिथं माझा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. कागद आला तर आला. कागद नाही तर काही नाही. सख्खा भाऊ आला तरी.

२२ नोव्हेंबर १९७१, सोमवार

संध्याकाळी चौकीवर निघालो तर शैलजावहिनी वाटेतच उभ्या. त्यांचा नवरा मुरलीधर माझा शाळेपासूनचा मित्र, कारखान्यात होता. तो गेल्यावर वहिनींना खमरियाचं क्वार्टर सोडावं लागलं. नीलमच्या अगदी समोरचं घर त्यांनी भाड्यानं घेतलं आणि कारखान्यातल्या मराठी घरांमधल्या सहा मुली शिकायला ठेवून घेतल्या. त्यावर त्यांचं चालतं. म्हणाल्या, "काहून भाऊजी, नीलमच्या काचेवर हे काय वाचून राहिली मी? दारू? आपल्या गल्लीत? माझी हरकत आहे, लिहून घ्या. सहा पोट्ट्या आहेत माझ्याकडे. त्यांचे बाप तिकडं बारा-बारा तास कारखान्यात आहेत ते माझ्या भरवशावर. समोर दारू आली तर एक बाप पोरगी ठेवायचा नाही. तुम्ही कचेरीत आहात म्हणून दुसऱ्या कुणाकडे जात नाही." म्हटलं, बघतो. हरकत लेखी लागते, खिडकीवर द्यावी लागते, तोंडी चालत नाही, हे त्यांना सांगणारच होतो. तेवढ्यात श्यामसुंदरजींनी दारातून हाक मारली, वार्डन साहब, आपका फोन. कंट्रोल रूमचा होता. परत आलो तर वहिनी गेलेल्या. उद्या सांगीन.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

आज ब्लॅकआउटची तालीम. संध्याकाळी सात ते साडेसात. एकतीसच्या एकतीस घरं पास. वहिनींच्या खिडक्या तर नंबर एक. सगळ्या मुलींनी मिळून जुन्या प्रश्नपत्रिका आणि खाकी कागद असे दोन थर लावले होते, फटीत कापूस. त्यांच्यातली विनता म्हणून थोरली आहे, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची, ती खुर्चीवर चढून मला म्हणते, "काका, एखादा किरण सापडला तर सांगा, मी प्रॅक्टिकलमध्ये लिहीन." हुशार पोट्टी आहे.

काल रात्रीच्या पाहणीत नापास झालं होतं ते एकच, नीलम. एवढी मोठी काच, आत कितीही पडदे लावा, कडेनं उजेड येतोच. मी कडक झालो. वॉर्डन म्हणून लेखी हुकूम दिला: काच बाहेरून काळ्या रंगानं रंगवून घ्यावी. श्यामसुंदरजींनी "जो हुकुम" म्हणून दुपारीच पेंटर लावला होता, तालमीला काच तयार होती.

तालीम संपल्यावर बॅटरी मारून बघितलं. एकसारखा काळा रंग. नोटिशीवरूनही. कागदाच्या कडा तेवढ्या रंगाखाली हाताला लागतात.

म्हणजे नोटीस अकरा दिवस दिसली. अजून एकोणीस बाकी आहेत. सोमवारी बापूला सांगून बाजूच्या भिंतीवर दुसरी लावून घेतो. वहिनींनाही सांगायचं राहिलंच आहे. आज त्या मुलींच्या घोळक्यात होत्या.

४ डिसेंबर, शनिवार

काल संध्याकाळी लढाई सुरू झाली. आता तालीम नाही. रेडिओपुढून कुणी हलत नाही. माझा गळा ओरडून बसला आहे, "बत्ती बुझाओ" शिवाय दुसरं वाक्य तोंडात नाही. शरयू म्हणते, झोपेतही तेच बरळले.

खमरियाची बस गच्च भरून जाते. मुलींचे बाप आठ-आठ दिवस इकडे फिरकू शकत नाहीत. वहिनी सहाही मुलींना दिवे लागायच्या आधी आत घेतात आणि मोजतात. फाटकाशी मला बघून म्हणाल्या, "भाऊजी, आपलं ते काम?"

मी म्हटलं, "चालू आहे."

काय चालू आहे? काहीच नाही. तेव्हाच म्हणायचं होतं, वहिनी, आत चला, दोन ओळी लिहून द्या. विनतानं पाच मिनिटांत लिहिलं असतं. पण बारा दिवस झाले होते. बारा दिवस काहून नाही सांगितलं असं त्या विचारतील, म्हणून आजही नाही सांगितलं. आता तेरा होतील.

९ डिसेंबर, गुरुवार

बापूला दुसऱ्या नोटिशीचं विचारलं. म्हातारा माझ्याहून पक्का. म्हणतो, "डबीरबाबू, नोटिस तो साहब के दस्तखत से निकलती है. दूसरी चाहिए तो नोट लिखिए, पहली का क्या हुआ."

पहिलीचं काय झालं? आमच्याच वॉर्डननं तिच्यावर काळं फासायला लावलं. वॉर्डन कोण? हेच टिपण लिहिणारा. असा कागद मी स्वतःच्या हातानं साहेबांपुढे ठेवू?

कंट्रोल रूमकडून आज आमच्या गल्लीची तारीफ आली. श्यामसुंदरजींनी सगळ्यांदेखत चहा मागवला. प्यायलो.

१५ डिसेंबर, बुधवार

मुदत संपली. फायलीवर टिपण ठेवावं लागलं. जे लिहिलं ते इथं उतरवतो, म्हणजे निदान एका ठिकाणी तरी उघडं राहील: "सूचना तीस दिन तक स्थल पर चस्पा रही. नियत अवधि में कोई आपत्ति प्राप्त नहीं हुई."

पहिलं वाक्य, नोटीस तीस दिवस चिकटलेली होती हे, खोटं आहे असं म्हणता येईल, आणि नाही असंही म्हणता येईल. नोटीस जागेवर होतीच ना, काढली कुणी? दुसरं वाक्य, एकही हरकत आली नाही हे, शंभर टक्के खरं. खिडकीवर एकही कागद आला नाही. आवक रजिस्टर कुणीही तपासावं.

आणि गंमत अशी की दिवसभर टोचत राहिलं ते दुसरंच वाक्य.

जेवताना शरयूनं विचारलं, "वहिनींचं ते लिहिलं ना तुम्ही?" मी खेकसलो, कचेरीतलं घरात नको म्हणून कितीदा सांगितलं! तिनं भात वाढला आणि आत गेली. हिला कुठून कळलं? वहिनींनीच सांगितलं असणार, दोघींची दुपारी बैठक असते. म्हणजे शरयूला तीन आठवडे ठाऊक आहे, आणि ती आज विचारते. मुदत आज संपते हेही तिला ठाऊक होतं की काय?

१७ डिसेंबर, शुक्रवार

जिंकलो! लढाई थांबली. गल्लीत दिवाळी. पोरांनी खिडक्यांचे कागद फाडून रस्त्यावर उडवले, वॉर्डन असून मीही दोन फाडले. नीलममध्ये पेढे. श्यामसुंदरजींनी मला हार घातला आणि कानाशी म्हणाले, "आपका एहसान नहीं भूलूँगा, डबीरबाबू."

कसला एहसान? मी तर नियमाप्रमाणे काम केलं. तसं म्हटलंही. ते हसले. आणि लक्षात आलं, आज साहब नाही, डबीरबाबू म्हणाले.

वहिनींनी घरी केलेली करंजी पाठवली. त्यात चिठ्ठी, विनताच्या अक्षरात: "आमच्या वॉर्डनकाकांना. एकही किरण सापडला नाही." करंजी शरयूच्या माहेरच्या पद्धतीची होती, खसखस घातलेली. मी बाजूला ठेवली. दात दुखतो म्हणून सांगितलं.

८ जानेवारी १९७२, शनिवार

नवी डायरी अजून आली नाही, जुनीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितो.

नीलमचा परवाना सही होऊन निघाला. जावक क्रमांक मीच टाकला. मुदतीत हरकत नाही म्हटल्यावर साहेब तरी काय करणार.

संध्याकाळी वहिनींना कळलंच. श्यामसुंदरजी गल्लीभर सांगत होते. मी घरातच बसून राहिलो, पण त्या आल्या. मी मनाची तयारी केली होती. आता विचारणार, आता विचारणार. आणि त्या म्हणतात काय, "जाऊ द्या भाऊजी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही आपलं केलं, साहेबांनी नाही ऐकलं, त्याला तुम्ही काय करणार? मोठ्यांची मर्जी." वर शरयूला म्हणाल्या, "तोंड बघ कसं उतरलंय यांचं. चहा दे त्यांना."

शरयूनं चहा दिला. कप माझ्यापुढे ठेवला तो जरा जोरानंच. बशीत सांडला.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. हे वाक्य मी इथं कितीदा लिहिणार आहे देव जाणे. वहिनी माझं सांत्वन करून राहिल्या होत्या, आणि मी ते घेऊन राहिलो होतो.

१ फेब्रुवारी, मंगळवार

नीलमची काच आज खरवडली. काळे पापुद्रे फरशीवर पडत होते आणि मी कचेरीला जाता जाता थांबलो. एका तुकड्यावर आमच्या कचेरीचा अर्धा शिक्का होता. चपलेनं नालीत सारला. कुणी बघितलं नसावं. बापूनं बघितलं असेल तर असेल, तो फाईल घेऊन माझ्यामागेच होता.

संध्याकाळी निळे-हिरवे दिवे लागले. सगळ्या गल्लीला काल-परवापर्यंत अंधाराची शिस्त लावणारा मी, आणि हा उजेड.

१३ फेब्रुवारी, रविवार

नीलमवाल्याला नावं ठेवायला जागा नाही. भांडण नाही, मारामारी नाही. कारखान्यात माल पोचवणारे ठेकेदार, बाहेरगावचे अधिकारी, चांगल्या कपड्यातले लोक. पण स्कूटर लावायला जागा लागते, ती वहिनींच्या फाटकापुढेच आहे. बाहेर पडलेला माणूस पाच मिनिटं गप्पा मारतो ते त्यांच्या ओट्यावर टेकून. काल एकानं खिडकीकडे बघून नुसतं एक गाणं गुणगुणलं. एवढंच. पोलिसात काय सांगणार? ओमती ठाण्याचा हवालदार हसून म्हणाला, "लाइसेंस है भाई, गाना मना है क्या?"

आज चार मुलींचे बाप येऊन आपापल्या मुली घेऊन गेले. लढाईत एका बापानंही मुलगी हलवली नव्हती. वहिनी प्रत्येकीच्या ट्रंकेला हात लावत होत्या, "नीट ने हो, कडी ढिली आहे." मी एक ट्रंक रिक्षापर्यंत उचलून दिली. दुसरं काय येतं मला?

८ मार्च, बुधवार

आता विनता एकटी. बेबी म्हणून धाकटी होती, ती सोमवारी गेली. विनताची परीक्षा पुढच्या महिन्यात. तिचे वडील रत्नाकर ठोसर कारखान्यात मशिनिस्ट, भला माणूस, पण डोक्यात एक आलं की आलं. काल वहिनींना तोंडावर म्हणाले, "आम्ही तिकडं दिवस-रात्र खपत होतो, तुमच्या भरवशावर पोरगी टाकून. समोर दारूचं दुकान येईतो तुम्ही गप्प बसल्या. तुम्ही बोलल्या असत्या तर गोष्ट वेगळी. आता कशाचा भरवसा?" रविवारी येऊन घेऊन जाणार. खमरियाहून रोज बसनं येऊन परीक्षा होत नाही, आणि एकदा घरी नेली की तिथं एक स्थळ तयारच आहे. विनता दोन दिवस जेवली नाही.

वहिनींनी त्यांना सांगितलं, "मी गप्प नव्हती. मी हरकत घेतली होती, कचेरीत नोंद आहे." रत्नाकर म्हणाले, "कागद दाखवा."

आणि आज वहिनी माझ्याकडे आल्या. प्रथमच जरा संकोचून बोलल्या. "भाऊजी, मी तुम्हाला सांगितलं होतं ना नोव्हेंबरात, ते तुम्ही कुठंतरी लिहिलं असेल. त्याची नक्कल मिळते का हो? परवाना नाही थांबला ते जाऊ द्या. मी बोलली होती एवढंच त्यांना दाखवायचं आहे. रविवारच्या आत."

शरयू दाराशी उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती.

मी म्हटलं, "बघतो."

तोच शब्द!

११ मार्च, शनिवार

तीन दिवस हाच हिशेब करून राहिलो.

एक: सांगायचं की फाईल वर गेली, नक्कल मिळत नाही. रत्नाकर पोरगी नेतील. वहिनी म्हणतील, जाऊ द्या भाऊजी.

दोन: नोव्हेंबरची तारीख टाकून वहिनींच्या नावाचा अर्ज तयार करायचा आणि त्याचीच नक्कल द्यायची. शिक्का माझ्याकडे, रजिस्टर माझ्याकडे. काल खिडकी बंद झाल्यावर मी खरंच रजिस्टर उघडलं. २२ नोव्हेंबरच्या पानावर दोन नोंदींच्या मध्ये एक ओळ मावेल अशी जागा आहे. लेखणी हातात घेऊन बसलो. बापू झाडू मारत होता. म्हणाला, "छब्बीस साल में आपको पहली बार पीछे का पन्ना पलटते देखा, बाबू." मी रजिस्टर मिटलं.

आज सकाळी ही डायरी काढली, मागं काय काय लिहून ठेवलंय बघावं म्हणून. आणि २२ नोव्हेंबरचं पान समोर आलं.

वहिनी म्हणाल्या होत्या, लिहून घ्या. मी लिहून घेतलं होतं! त्याच संध्याकाळी, त्यांच्याच शब्दांत, तारखेसकट, सरकारी डायरीत. साऱ्या जबलपुरात त्यांच्या हरकतीचा एकच कागद आहे आणि तो माझ्या कपाटात शरयूच्या शालीखाली पडून होता.

फुलस्केप काढला. उतरवायला बसलो. त्यांचं बोलणं झरझर उतरलं. "दुसऱ्या कुणाकडे जात नाही" इथं पूर्णविराम देऊन थांबलो. बायकोला हाक मारली, विचारलं, "एवढंच दिलं तर?"

शरयू म्हणाली, "नक्कल म्हणजे काय असते, मला काय माहीत? तुम्हीच सांगत असता, कानामात्रा बदलत नाही म्हणून."

मग पुढचं उतरवलं. म्हटलं, बघतो. सांगणारच होतो. तेवढ्यात फोन. उद्या सांगीन. स्वतःच्या अक्षरातलं स्वतःचं वाक्य उतरवायला इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. खाली "सत्य प्रतिलिपि", सही, आजची तारीख.

१२ मार्च, रविवार

दहाला गेलो. रत्नाकर आलेलेच होते, रिक्षा बाहेर थांबवून. विनताची ट्रंक दारात. वहिनींचा चेहरा मला बघून उजळला. "आणली का भाऊजी?" मी कागद दिला. त्यांना चष्मा सापडेना, तो कपाळावर होता. त्यांनी तो विनताकडे दिला, "वाच गं, मोठ्यानं वाच, बाबांना ऐकू दे."

विनता वाचू लागली. स्पष्ट, शाळेतल्यासारखी. "माझी हरकत आहे, लिहून घ्या" आलं तेव्हा वहिनींनी रत्नाकरांकडे मान वळवून बघितलं. मुलगी पुढे वाचत गेली. मग आवाज हळू झाला. "...तोंडी चालत नाही, हे त्यांना सांगणारच होतो..." ती थांबली. माझ्याकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, "वाच." तिनं शेवटचे दोन शब्द वाचले.

बाहेर रिक्षावाला घंटी वाजवत होता.

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे साहेबांपर्यंत गेलंच नाही."

"नाही वहिनी."

"मी तुमचं सांत्वन करायला आली होती, भाऊजी. तुमच्या घरी. तेव्हा तुम्ही चहा प्यायले."

मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणू? चूक झाली म्हटलं असतं तर तेही खोटं झालं असतं. चूक पहिल्या दिवशी होती. नंतर रोज सकाळी उठून मी ती केली.

काच रंगवायचा हुकूम मीच दिला, नोटीस तिच्याखाली गेली, तेही सांगून टाकलं. रत्नाकर ऐकत होते. मला वाटलं हात उगारतील, उगारला असता तर बरं झालं असतं. त्यांनी कागद विनताच्या हातून घेतला, पुन्हा स्वतः वाचला. मग वहिनींना म्हणाले, "बाई, तुम्ही बोलल्या होत्या. मी वाईट बोललो, माफ करा." बाहेर जाऊन रिक्षा परत पाठवली. ट्रंक स्वतः आत नेऊन ठेवली. "परीक्षेपर्यंत राहू द्या तिला. संध्याकाळी ड्यूटी नसली की मी येऊन ओट्यावर बसत जाईन."

मग माझ्यासमोर आले. "हे वर देऊ शकतो का? पुढच्या महिन्यापासून नवं सरकारी साल. परवाना पुन्हा काढावा लागत असेल."

"लागतो."

"तुमची नोकरी?"

मी म्हटलं, "खिडकी साडेदहाला उघडते." आणि आठवलं म्हणून सांगितलं, "अर्ज लेखी द्यावा लागतो. वहिनींची सही हवी. सोबत ही नक्कल जोडा." एकशे अकरा दिवसांनी सांगितलं. आज मोजले.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या नाहीत. इतक्या वर्षांत प्रथमच.

१३ मार्च, सोमवार

कचेरीत बसूनच लिहितो.

शरयूनं डबा देताना विचारलं, "आज खिडकीवर दुसऱ्या कुणाला बसवता येत नाही का?" म्हटलं, येतं. तिनं डब्यावर दुसरा रुमाल बांधला, म्हणाली, "बसा तुम्हीच."

रत्नाकर रांगेत तिसरे होते. पहिल्या दोघांचे कागद घेताना मी उगाच वेळ काढला. एकाला कोर्ट फी स्टॅम्प सरळ लावून आणा म्हणून परत पाठवलं. तेवढा भित्रेपणा झालाच.

मग त्यांचा घेतला. दोन पानी अर्ज, विनताचं अक्षर, खाली वहिनींची सही, सोबत माझी नक्कल. रत्नाकर नमस्कार म्हणाले नाहीत, मीही नाही. बापू स्टुलावरून बघत होता. मी शिक्का मारला. आवक क्रमांक टाकला. रजिस्टरच्या आजच्या पानावर, आजच्या जागी, रांगेनं.

विषयाच्या रकान्यात लिहिलं: आपत्ति. नीलम रेस्टॉरंट. प्रेषक शैलजा मुरलीधर वझलवार. शेऱ्याच्या रकान्यात सहसा आम्ही काही लिहीत नाही. लिहिलं: "मौखिक रूप से दिनांक २२ नवंबर १९७१ को प्राप्त."

पावती फाडून दिली. ते गेले. मी पुढच्या माणसाला म्हटलं, "लाइए."